डेन पाळणारे सगळे पैशाचा माज दाखवायला पाळत नाहीत

विश्रामबागचा डेनवाला

परवा रविवारी सांगलीत डॉग शो झाला आणि संध्याकाळीच जतच्या एका भावानं लिहिलं, "आपल्या उन्हात ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड आणून रिंगणात फिरवणं हा निव्वळ पैशाचा माज आहे. ही जनावरं धड दहा वर्षं जगत नाहीत. आपल्या मातीतला कारवानी कुत्रा सोडून हे हत्ती कशाला?" त्याखाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेंट बर्नार्डबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. बर्फातलं, एवढ्या केसांचं जनावर एप्रिल-मेमध्ये सांगलीत ठेवायचं तर दिवसभर एसी लागतो, आणि आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. तो कुत्रा इथं आणूच नये.

पण डेनचे केस आखूड असतात. सावली, पाणी आणि पहाटेचं फिरणं एवढं सांभाळलं तर तो इथं राहतो. आयुष्य कमी हे खरं. सात ते दहा वर्षं. ते माहीत असूनच आम्ही पिल्लू घरात आणतो.

आता शोचं. रिंगणात परका माणूस येतो, कुत्र्याचं तोंड उघडतो, दात बघतो, पाठीवरनं हात फिरवतो, नराच्या दोन्ही गोळ्या उतरल्यात का ते चाचपतो. कुत्रा गुरगुरला तर बाहेर. त्यासाठी आमच्याकडं रोज संध्याकाळी अंगणात तयारी चालते. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागच्या पायांची नळी जमिनीला उभी, मान वर, आणि माझ्या मुठीत उकडलेल्या कलेजीचा तुकडा. गल्लीतली पोरं एकेक करून येतात आणि त्याच्या ओठाला हात लावतात. तो हलत नाही, नजर मुठीवर. असा कुत्रा दूधवाल्याला चावत नाही. चावतो तो बंगल्याच्या गेटला जन्मभर साखळीनं बांधलेला, कधी रस्ता न बघितलेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं. डेन जन्मतो अर्धा-पाऊण किलोचा आणि वर्षात पन्नासच्या आसपास जातो. सांधे भरायला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर जिना नको, बाईकच्या मागं पळवणं नको, गुळगुळीत फरशी नको. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत. लोक म्हणतात "उपाशी ठेवता काय?" म्हणू देत. चांगली लाईन, म्हणजे वंशावळ, असलेले शोवाले हेच सांगतात. शोशी ज्यांचा संबंध नाही असे पिल्लं विकणारे "जाड हाड" म्हणून गुबगुबीत पिल्लू हातात देतात आणि त्याचं पुढं काय झालं ते विचारत नाहीत.

जतचा गडी

ती पोस्ट माझीच. एक शब्द मागं घेणार नाही.

सावकाश वाढवायचं म्हणता, मग शोमध्ये पपी क्लास कशाला असतो? सहा-सात महिन्यांच्या पिल्लाला ट्रॉफी देणार म्हटल्यावर मालक ते लवकर फुगवणारच. घाई शोनंच लावली.

आणि कारवानीला रिंगणात किती किंमत आहे ते आम्ही बघतो. परदेशी कुत्र्यांची रांग, कोपऱ्यात दोन कारवानी, त्यातल्या एकात ग्रेहाउंड मिसळलेला. जत्रेतल्या शर्यतींनी आमची जात नासवली. पळायला जोर येतो म्हणून ग्रेहाउंड घातला, आता शुद्ध वेत शोधायला गावोगाव हिंडावं लागतं. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर मुधोळ हाउंड, म्हणजे हाच कारवानी, आला. तिकिटावर चालतो, अंगणात का नाही? आमच्या धनगरवाड्यावर ताक-भाकरीवर राहतो आणि उन्हात मेंढरांमागं चालतो.

विश्रामबागचा डेनवाला

पपी क्लासचा मुद्दा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण तिथं वजन बघत नाहीत. बांधा, चाल आणि स्वभाव बघतात, आणि लठ्ठ पिल्लाची चाल रिंगणात लगेच उघडी पडते. चांगला परीक्षक असेल तर. सगळेच चांगले असतात असं मी म्हणणार नाही.

मिरजेची ताई

मध्येच विचारते. आमचा रॉटवायलर पाच महिन्यांचा आहे. पुढचे पाय मनगटापाशी वाकल्यासारखे दिसतात, पंजे पसरट झालेत. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली आणा, रोज दोन चमचे, शिवाय अंडी आणि एक लिटर दूध. महिना होत आला, फरक नाही. डोस वाढवू का?

पलूसकर

वाढवा ताई. आमच्याकडं वडिलांपासून मोठी कुत्री आहेत. कॅल्शियम, दूध, कोंबडीचे पाय. एकाला काही झालं नाही. हल्ली पॅकेटचं खाणं विकायला लोकांना घाबरवतात.

गुरांचा डॉक्टर, कराड

ताई, डोस वाढवू नका. ती बाटली आज बंद करा.

वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला जादा कॅल्शियम आतड्यातून शोषणं थांबवता येतं. साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाला ते जमत नाही, जेवढं जास्त घालाल तेवढं जास्त आत जातं. त्यातून हाडं आणि सांधे बिघडतात. अमेरिकेतल्या खाद्यमानकात मोठ्या जातीच्या पिल्लाच्या खाण्यात कोरड्या वजनावर कॅल्शियम १.८ टक्क्यांपेक्षा जास्त नको असं आहे. पाकिटातलं खाणं असेल तर त्यात लागेल तेवढं आधीच असतं. वरून बाटली म्हणजे दुप्पट.

पायांसाठी आधी फरशी बघा. गुळगुळीत फरशीवर पाय फाकून चालतो का? गोणपाट, काथ्याची चटई, काहीही अंथरा. वजन बघा. बरगड्या हाताला लागत नसतील तर खाणं कमी करा. आणि एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या, जमलं तर एक्स-रे काढा. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडंही नेता येईल.

पलूसकर

डॉक्टर, आमच्या कुत्र्यांना कधी काही झालं नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही अमेरिकेचं सांगताय. अमेरिकेचा आणि पलूसचा काय संबंध?

गुरांचा डॉक्टर, कराड

तुमच्या वडिलांची कुत्री कोणत्या जातीची होती?

पलूसकर

गावठी आणि एक अल्सेशियन क्रॉस. मोठीच होती.

गुरांचा डॉक्टर, कराड

पंचवीस-तीस किलोची असणार, आणि दिवसभर मातीत हिंडणारी. पन्नास किलोच्या रॉटवायलरचं गणित वेगळं. मागचे पाय ओढत चाललेली वर्षाची पिल्लं माझ्याकडं येतात आणि घरात कॅल्शियमच्या बाटल्यांची रांग असते, तेव्हा फार राग येतो. जनावराला बोलता येत नाही म्हणून काहीही पाजायचं का?

पलूसकर

राग आम्हालाही येतो डॉक्टर. तुमच्याकडं बिघडलेलीच येणार. धडधाकट कुत्रं घेऊन दवाखान्यात कोण येतं? ताईंनी ठरवावं. मी बाटली द्याच असं नाही म्हणत, पण दूध बंद करू नका.

मिरजेची ताई

बाटली बंद केली. दुधानं तसंही हगवण लागत होती, तेही बंद. फरशीचं अगदी बरोबर आहे. हॉलमध्ये घसरतो, बाहेर मातीत बरा चालतो.

निवृत्त हँडलर, सातारा

वर्दीत असल्यापासून श्वानांबरोबर काम केलंय, म्हणून बोलतो. खाण्यावर चाललेली चर्चा महत्त्वाची आहे, पण निम्मे प्रश्न शिकवणुकीचे असतात. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघतं, ऐकतं, ते त्याला परकं वाटत नाही. ट्रॅक्टर, ढोल, छत्री, बुरखा, टोपी, लहान मूल, सगळं त्या वयात दाखवायचं. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन पोवई नाक्यासारख्या गर्दीच्या चौकात उभे राहा. नंतर पन्नास किलोचं झाल्यावर गळा आवळणारी चोक चेन घालून हिसके मारतात आणि मग म्हणतात जात वाईट.

खंड्या आठवा. संगम माहुलीला साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. माणसावर असा जीव टाकणारं जनावर साखळीला बांधून तयार होत नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी, माधवनगर

शिकवण राहू द्या. लिफ्टमध्ये तुमचा डेन उभा राहिला की आमच्या आजींना जिन्यानं जावं लागतं. विष्ठा उचलायला पिशवी कोण आणतं? वर म्हणायचं सोसायटीला बंदी घालता येत नाही. ते प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक माहीत आहे मला. घाण उचला म्हणूनही त्यातच लिहिलंय, तेवढंच कुणी वाचत नाही.

जतचा गडी

बघा. मी हेच म्हणत होतो. जागा नाही तिथं एवढं जनावर.

विश्रामबागचा डेनवाला

सेक्रेटरी साहेब, पिशवीचं बोलणं अगदी रास्त. मी बैठ्या घरात राहतो, पण पिशवी न्यायला हवीच, आणि जे नेत नाहीत त्यांच्यामुळं आम्हा सगळ्यांना शिव्या बसतात. लिफ्टचंही पटतं. आजी आधी जाऊ देत, कुत्रा नंतर.

सांगलीवाडीची लेक

तुम्ही शो आणि ट्रॉफी बोलताय. मी २०१९ च्या ऑगस्टचं सांगते. कृष्णेचं पाणी तळमजल्यावर आलं तेव्हा आमचा लॅब्राडोर-मास्टिफ क्रॉस गच्चीवर होता. बोटवाले आले. माणसं घेतली, शेजारचं छोटं पॉमेरियन पिशवीतनं गेलं. आमचा काही उचलला जाईना. तो बोटीत चढायला घाबरला आणि दोन माणसांना ओढूनही हलला नाही. बोटवाल्यांचा दोष नाही, बोट उलटली असती. भाऊ मागं राहिला, त्याच्यासोबत गच्चीवर. पाणी उतरेपर्यंत पावसात, ओल्या बिस्किटांवर.

मोठा कुत्रा घेणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, अडचणीच्या वेळी तो तुमच्या सांगण्यावरून बोटीत, गाडीत, टेम्पोत चढेल का. रिंगणात उभा राहतो हे ठीक आहे. नदीकाठी राहणाऱ्यानं त्याला हलत्या वस्तूवर चढायला शिकवलंच पाहिजे.

निवृत्त हँडलर, सातारा

पोरी, तू सांगितलंस ते वरच्या सगळ्यापेक्षा मोठं आहे. फळी, हातगाडी, टेम्पोचा फाळका, पुढं कलेजी, मागं हात. चार-पाच महिन्यांचा असतानाच सुरू करा. नंतर उचलून शिकवायला जमत नाही.

विश्रामबागचा डेनवाला

माझ्या कुत्र्याला टेम्पोत चढता येतं. बोटीचं मनात आलं नव्हतं. आता माझ्या तयारीत घालणार.

जतच्या भावाला आणखी एक सांगतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राचं पत्र निघालं, रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी घाला म्हणून, आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. मधल्या त्या काही आठवड्यांत लोकांनी रॉटवायलर रस्त्यावर सोडले. ते कुणी सोडले? शोवाल्यांनी नाही. ज्यांनी वंशावळीचे कागद न बघता, फोटो बघून पिल्लू घेतलं त्यांनी. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकू नये हा २०१७ चा नियम आहे, आणि तरी चार आठवड्यांची पिल्लं बाजारात सर्रास येतात. भांडायचंच असेल तर तिथं भांडू.

जतचा गडी

तेवढ्यावर मी तुमच्याबरोबर आहे. चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडणाऱ्याला उभा करून जाब विचारला पाहिजे. पण डेनचं मत बदललेलं नाही. आणि पुढच्या शोला कारवानी घेऊन मीच येतो. मग बघू कोपऱ्यात कोण उभं करतंय.

विश्रामबागचा डेनवाला

या. कारवानीच्या रिंगणाजवळ मी स्वतः थांबतो. पण आधी त्याला दात दाखवायला शिकवा.

पलूसकर

डॉक्टर, शेवटचं विचारतो. मग रॉटवायलरला भाकरी तरी चालते का नाही?

गुरांचा डॉक्टर, कराड

चालते. ज्वारीची, बाजरीची, मीठ न घालता. पण नुसत्या भाकरीवर हे पिल्लू वाढत नाही. सोबत मांस किंवा अंडं लागतंच, आणि एकाच वेळी पोट तट्ट भरू नका. दोन-तीन वेळात विभागून द्या. छाती खोल असलेल्या मोठ्या जातीत जेवणानंतर पळवलं की पोट फुगून पीळ पडू शकतो, डेनमध्ये तर सगळ्यात जास्त. ओकारीचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं झालंय, असं दिसलं तर घरी सोडा-ओवा पाजत बसू नका. त्याच तासाला ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्यात न्या. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो ते आजच विचारून फोनमध्ये नंबर घालून ठेवा.