शकीराचा ‘लाँड्री सर्व्हिस’: बाजारासाठी केलेली तडजोड की तिचे स्वतःचे काम?

सांजवारा:
‘हिप्स डोन्ट लाय’ आणि ‘वाका वाका’ ही शकीराची गाणी मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. अलीकडे मात्र तिचा १९९८ चा ‘दोन्दे एस्तान लोस लाद्रोनेस’ आणि त्यापाठोपाठचा एमटीव्ही अनप्लग्ड (एमटीव्ही वाहिनीवरील मैफलीचे ध्वनिमुद्रण), हे दोन्ही स्पॅनिश अल्बम शब्दांचे अर्थ शोधत शोधत ऐकले आणि ही गायिका मला जवळजवळ नव्याने भेटली. त्यानंतर २००१ चा ‘लाँड्री सर्व्हिस’ हा तिचा पहिला इंग्रजी अल्बम लावला, तेव्हा आवाज तोच असूनही काहीतरी हरवल्यासारखे वाटले. १९९९ साली रिकी मार्टिनच्या यशानंतर लॅटिन गायकांना इंग्रजीत आणण्याची जी लाट अमेरिकेत उसळली, तिच्यावर स्वार होण्यासाठी कंपनीने तिच्याकडून करवून घेतलेला हा अल्बम आहे, की यात तिचे स्वतःचेही काही आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तारसप्तक:
लाट होती, हे खरेच आहे. रिकी मार्टिन, एन्रिके इग्लेसियास, मार्क अँथनी आणि जेनिफर लोपेझ या चौघांचेही इंग्रजी अल्बम १९९९ या एकाच वर्षात आले. परंतु लोपेझ आणि अँथनी हे न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले, इंग्रजी लहानपणापासून कानावर असलेले कलाकार आहेत; शकीरा मात्र कोलंबियाच्या बारांकिया शहरात वाढली आणि गाणी लिहिण्याइतपत इंग्रजी तिने विशीत प्रवेश केल्यावर प्रयत्नपूर्वक आत्मसात केले. त्यामुळे तिला इतरांच्या रांगेत बसवणे मला योग्य वाटत नाही.

हा अल्बम कसा घडला, ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत गाण्याचा आग्रह क्युबन-अमेरिकी गायिका ग्लोरिया एस्तेफान हिचा होता. एस्तेफानने स्वतः ‘मायामी साउंड मशीन’ या आपल्या बँडच्या ‘काँगा’ या गाण्याने १९८५ मध्येच इंग्रजीचा हा उंबरठा ओलांडला होता आणि शकीराच्या जुन्या स्पॅनिश गाण्यांना इंग्रजी शब्द देण्याची तिची तयारी होती. ‘दोन्दे एस्तान लोस लाद्रोनेस’मधील ‘ओहोस आसी’ या गाण्यापासून सुरुवातही झाली. पण दुसऱ्याने केलेल्या भाषांतरावर अख्खा अल्बम उभा करण्यापेक्षा नवी गाणी आपणच लिहायची, असे शकीराने ठरवले. यमकांचे कोश जवळ घेऊन, कवी वॉल्ट व्हिटमन आणि कवी-गायक लेनर्ड कोहेन वाचून तिने इंग्रजीत लिहायला घेतले, आणि त्यासाठी ती उरुग्वेच्या ग्रामीण भागात जाऊन राहिली. तिने इंग्रजीत लिहिलेले पहिले गाणे म्हणजे अल्बमच्या आरंभी असलेले ‘ऑब्जेक्शन’. ते बांदोनिऑन (भात्याचे एक वाद्य) आणि पियानोवरच्या संथ टँगोने, म्हणजे अर्जेंटिना-उरुग्वेकडील नृत्यसंगीताने, सुरू होते आणि मग एकाएकी वेगवान रॉक गिटारवर उडी घेते. केवळ अमेरिकी रेडिओला खूश करायचे असते, तर कोणत्याही निर्मात्याने पहिल्याच गाण्याच्या तोंडी टँगो ठेवला नसता.

‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’मधील एका ओळीची, म्हणजे आपले वक्ष लहान आहेत म्हणून तू त्यांना डोंगर समजत नाहीस या ओळीची, तेव्हा बरीच टिंगल झाली आणि तिला इंग्रजी नीट येत नसल्याचा तो पुरावा मानला गेला. याच गाण्याचे ‘सुएर्ते’ हे स्पॅनिश रूप ऐकावे. तीच प्रतिमा तिथेही जशीच्या तशी आहे. याचा अर्थ हा भाषेचा कच्चेपणा नसून ती तिची विचार करण्याचीच रीत आहे, आणि इंग्रजीत आल्यावर ती गुळगुळीत करण्याचे तिने नाकारले. मला या अल्बममध्ये सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. त्या गाण्यातील चारांगो (छोटे तंतुवाद्य) आणि केना (बासरी) ही अँडीज पर्वतराजीतील वाद्ये आहेत. त्यांच्यासह ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि अल्बमने तिसऱ्या क्रमांकावर प्रवेश केला.

रानवाट:
तारसप्तक यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे, तरीही सांजवारा यांना जे हरवल्यासारखे वाटले, त्याला कारण आहे. तिच्या आधीच्या ‘पिएस देस्काल्सोस’ या स्पॅनिश अल्बममध्ये गर्भपातावरचे गाणे होते. ‘दोन्दे एस्तान लोस लाद्रोनेस’मधील ‘ऑक्ताव्हो दिया’त विश्व निर्माण करून फिरायला गेलेला देव परत येतो आणि झालेली दुर्दशा पाहतो. बोगोता विमानतळावर गीतांची बॅग चोरीला गेली, तेव्हा ‘चोर कुठे आहेत?’ असा प्रश्न तिने अल्बमच्या नावातूनच अवघ्या समाजाला विचारला. ‘लाँड्री सर्व्हिस’मधील इंग्रजी गाणी मात्र जवळजवळ सगळीच प्रेम आणि प्रेमभंग यांभोवती फिरतात, आणि समाजाकडे पाहणारी ती तीक्ष्ण नजर तिथे आढळत नाही. ‘रूल्स’ आणि ‘रेडी फॉर द गुड टाइम्स’ ही गाणी तर दुसऱ्या कोणीही गायली असती, तरी फारसा फरक पडला नसता. लॅटिन अमेरिकेतील जुने चाहते तिच्या सोनेरी केसांवरून रागावले, तो राग मला वरवरचा वाटतो. विषयांचा पैस आकसला, ही तक्रार मात्र खरी आहे.

सांजवारा:
दोघांचेही मनापासून आभार. ‘सुएर्ते’ ऐकले आणि ओळीबद्दलचा मुद्दा पटला. आणखी एक विचारतो: एवढे यश मिळाल्यावर ती पुन्हा स्पॅनिशकडे का वळली?

मृद्गंध:
ती स्पॅनिशपासून पूर्णपणे दूर गेलीच नव्हती. ‘लाँड्री सर्व्हिस’च्या तेरा गाण्यांपैकी चार स्पॅनिश आहेत आणि त्यांतली ‘ते देहो माद्रिद’ व ‘के मे केदेस तू’ ही दोन केवळ स्पॅनिशमध्येच आहेत. ‘ओहोस आसी’चे इंग्रजी रूपही याच अल्बममध्ये आहे, मूळ गाण्यातल्या अरबी ओळी, ज्या तिच्या वडिलांच्या लेबनीज वंशाशी नाते सांगतात, त्याही तिथे कायम आहेत. म्हणूनच मी याला स्थलांतर न म्हणता दुसरे घर बांधणे म्हणेन.

त्या यशाचा उपयोग तिने कसा केला, हे २००५ मध्ये दिसले. आधी जूनमध्ये ‘फिहासिओन ओराल’ हा पूर्ण स्पॅनिश अल्बम आला आणि त्यानंतर नोव्हेंबरमध्ये त्याचा इंग्रजी जोडीदार. स्पॅनिश अल्बमने अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकावर प्रवेश केला, आणि स्पॅनिश गायक आलेहान्द्रो सान्झबरोबरचे ‘ला तोर्तुरा’ हे गाणे तिने त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात स्पॅनिशमध्येच गायले. इंग्रजीतून मिळवलेला श्रोता तिने स्वतःच्या भाषेकडे आणला होता. पुढे २०१७ मध्ये लुईस फोन्सीचे ‘देस्पासितो’ हे प्रामुख्याने स्पॅनिश गाणे बिलबोर्डच्या शिखरावर सोळा आठवडे राहिले. २०२० मध्ये प्वेर्तो रिकोच्या बॅड बनी या गायकाचा संपूर्ण स्पॅनिश अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि तोवर मोठे होण्यासाठी इंग्रजीत गाण्याची अट उरलीच नव्हती.

रानवाट यांची विषयांबद्दलची तक्रार मलाही रास्त वाटते. सांजवारा, आपण ‘के मे केदेस तू’ आणि ‘अंडरनीथ युअर क्लोद्स’ ही दोन गाणी लागोपाठ ऐकून पाहावीत. दोन्ही प्रेमाचीच आहेत, दोन्ही तिनेच लिहिली आहेत. पहिल्यात जगातले सगळे काही गेले तरी चालेल, फक्त तू राहा, अशी मागणी आहे, तर दुसऱ्यात ब्रासच्या, म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या, साथीने ती प्रियकरावर उघडपणे हक्क सांगते. दोन भाषांत तिचा स्वभाव कितपत बदलतो, हे या जोडीवरून आपल्याला स्वतःच ठरवता येईल.