धुरकटपणा मोबाइलचा नाही, खाऱ्या वाऱ्याचा

रत्नागिरीच्या मांडवी जेट्टीवरचे फोटो धुरकट येतात ते स्वस्त मोबाइलमुळे, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय; लेन्स शर्टाच्या टोकाने पुसायचा सल्लाही आलाय. मला नाही पटत. मीही तेच समजून नवा फोन घ्यायला निघालो होतो. मग एका संध्याकाळच्या व्हिडिओत प्रत्येक दिव्याभोवती पिवळं कडं दिसलं. सकाळी फोन उन्हात तिरका धरला तर लेन्सवर साय धरावी तसा पांढुरका थर. बोट लावून चाखलं, खारट! लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याने येऊन बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, आणि आपल्या रत्नागिरीत ते रोजचंच. त्या ओलसर थरातून प्रकाश पसरतो, की झालं चित्र फिकट.

शर्टाच्या टोकाने पुसायचा तो सल्ला मात्र कृपा करून कुणी पाळू नका. सुकलेले मिठाचे कण काचेवर घासले की लेन्सच्या लेपावर चरे पडू शकतात, ते कायमचे. आधी रबरी फुंकणीने हवा मारा, मग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं चष्म्याचं कापड हलकेच फिरवा, शेवटी कोरडं. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांनी पावसाळ्यात तो चामडी बॅगेत अजिबात ठेवू नये. चामडं ओल धरतं; वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये अशीच बुरशी धरली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी. आता माझा कॅमेरा हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो.