लोर, कॅनन आणि रेटकॉन : मराठीत काय म्हणता?

मुळाकाठी
आमच्या घरात 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या चित्रपटमालिकेचे दोन भक्त आहेत. एक माझी बारावीतली मुलगी आणि दुसरा तिचा मामा. 2024 मध्ये त्यातली 'द अ‍ॅकोलाइट' ही मालिका आली आणि दोघांची जुंपली ती अजून मिटलेली नाही. परवा मामा म्हणाला, "नवीन लोरनं जुनं कॅनन मोडलं, हा सरळसरळ रेटकॉन आहे." क्रियापद तेवढं मराठी! लोर म्हणजे त्या काल्पनिक जगाची सगळी मागची माहिती, कॅनन म्हणजे त्यातलं खरं धरायचं ते, आणि रेटकॉन म्हणजे आधी सांगितलेलं मागाहून बदलणं. या तिन्ही शब्दांसाठी आपल्याकडे काय आहे? कोशात घडवलेले जोडाक्षरी शब्द कृपया नकोत. डेक्कनवर चहा पिताना तोंडात येतील असे हवेत.

शनवारकर
'लोर'ला पुराण म्हणा की. देव, दानव, वंशावळ्या, शाप, सगळं आहेच त्यात. शिवाय 'पुराणातली वांगी पुराणात' ही म्हण आयती मिळते.

कर्वेनगरी
पुराण नको. मराठीत 'पुराण लावलं' म्हटलं की ऐकणारा घड्याळाकडे बघतो. मुलांना लोर हवीहवीशी वाटते, म्हणून तर रात्र रात्र वाचतात. माझं मत साध्या 'पूर्वकथे'ला. मात्र लोर फक्त आधी घडलेलं सांगत नाही. त्या जगाचे नियम, घराणी, पंथ हेही त्यात येतं. तिथे 'कथाविश्व' चालेल. 'लोर' तसाच ठेवलात तरी हरकत नाही, फक्त 'लोअर' म्हणू नका. लक्ष्मी रोडवर लोअर म्हणजे पायजमा.

तळटीप
लोरचं काय ते ठरवा, मला 'कॅनन'बद्दल बोलायचंय. आधी वापर बघा. मुलं "हे कॅनन आहे का?" असं विचारतात, म्हणजे शब्द विशेषणासारखा येतो. 'अधिकृत' इथे बसतो, पण त्याला सरकारी शिक्क्याचा वास आहे. 'प्रमाण' जास्त चांगला. तो नामही आहे आणि विशेषणासारखाही चालतो. 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज लुकास यांच्या हातात सगळं होतं तोवर 'बाबा वाक्यं प्रमाणम्' हेही शब्दशः खरं होतं.

आता 'रेटकॉन'. या पुण्यात राहून 'प्रक्षिप्त' हा शब्द कुणाला सुचू नये? लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. 1,259 हस्तलिखितं जमवून विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी हेच तर ठरवलं, की मूळ संहितेत काय धरायचं आणि मागाहून कुणी काय घुसवलं. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहितोय, हा घराघरातला प्रसंगसुद्धा संहितेतून परिशिष्टात गेला. वस्त्रहरणात द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भागही मूळ पाठात धरलेला नाही. लोकांनी मानणं सोडलं का? कीर्तनात दोन्ही अजून आहेत. चाहत्यांचं याहून वेगळं काय असतं?

जुना भक्त (तोच तो मामा)
ताईनं बोलावलं म्हणून आलो. तळटीप, तुमचं म्हणणं आवडलं, पण गाडी उलटी जातेय. प्रक्षिप्त म्हणजे परक्या हातानं घुसवलेलं. इथे घुसवणारा मालकच असतो. भांडारकरांच्या पद्धतीत जुन्या पाठाचं वजन जास्त, आमच्याकडे नव्याचं. डिस्नेनं 2012 मध्ये लुकास यांची लुकासफिल्म कंपनी घेतली आणि 2014 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं, की इतक्या वर्षांच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, सगळं यापुढे 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा, कॅननच्या बाहेर. मी कॉलेजात असताना फर्ग्युसन रस्त्यावर जुन्या पुस्तकांत शोधून शोधून घेतलेल्या कादंबऱ्या एका दिवसात परिशिष्टात!

हस्तलिखितांच्या अभ्यासातला 'पाठभेद' हा शब्द मात्र आम्हाला हवा. 1977 च्या चित्रपटात तस्कर हान सोलो त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला सरळ गोळी घालतो. 1997 च्या सुधारित आवृत्तीत ग्रीडो आधी झाडतो आणि त्याचा नेम चुकतो. 2004 मध्ये दोघं जवळपास एकदमच. प्रसंग एक, पाठ निदान तीन. याला दुसरा शब्दच नाही.

शनवारकर
मग रेटकॉनला 'सारवासारव' म्हणा. 1977 च्या चित्रपटात गुरू ओबी-वान नायक ल्यूकला सांगतो, की खलनायक डार्थ व्हेडरनं तुझ्या बापाला मारलं. 1980 मध्ये व्हेडरच बाप निघतो. मग 1983 मध्ये ओबी-वान म्हणतो, एका दृष्टीनं पाहिलंस तर मी खरंच बोललो होतो. अहो, हा तर 'नरो वा कुंजरो वा'!

मुळाकाठी
यावर लेकीचा जोरदार आक्षेप, तिच्याच शब्दांत देते : "सारवासारव म्हटलं की आधीच निकाल लागला. बाप असल्याचा धक्का हाही मागाहूनच ठरलेला होता, आणि तो सगळ्यांना आवडतो. मामाला फक्त स्वतःच्या लहानपणानंतर केलेले बदल खटकतात. 1999 मध्ये मिडीक्लोरियन नावाचे पेशींतले सूक्ष्म जीव आले, फोर्स या गूढ शक्तीची ताकद रक्ताच्या थेंबात मोजता येऊ लागली, तेव्हा त्याच्यापेक्षा मोठे लोक असेच चिडले होते. आणि अ‍ॅकोलाइटमध्ये की-आदी-मुंडी हा जेडाय (फोर्स वापरणारा योद्धा) त्याच्या जन्मसालाच्या आधीच दिसला म्हणून जो आरडाओरडा झाला, त्यात त्या जन्मसालाचा पुरावा कुठला होता? 2014 च्या आधीच्या पूरक साहित्यातला. म्हणजे बाद झालेल्या पोथीवरून चालू पोथीला खोटं पाडायचं!"

तळटीप
ताई, तुमच्या मुलीला संस्थेत पाठवा. मुद्दा बरोबर आहे, दोष न देणारा शब्द हवा. 'फेरमांडणी' कसा वाटतो? वापरातला आहे आणि चांगला-वाईट काहीच सुचवत नाही. फसली की तिला खुशाल सारवासारव म्हणा.

जुना भक्त
फेरमांडणी मान्य. भाचीचं बाकीचं म्हणणं अमान्य. मिडीक्लोरियनला मी कधी नावं ठेवली नाहीत, मला फक्त ते नको होते. अ‍ॅकोलाइट पहिल्या भागापासून पाहिली, आवडावी म्हणूनच पाहिली. एका हंगामानंतर बंद झाली तेव्हा आनंदही झाला नाही.

कर्वेनगरी
एक राहिलं. स्वतःला न पटलेला भाग चाहते मनातून वगळतात आणि आपलीच गोष्ट खरी धरतात, त्याला मुलं 'हेडकॅनन' म्हणतात. आमच्याकडे सरळ 'माझ्यापुरतं' म्हणतात. "माझ्यापुरती गोष्ट 1983 ला संपली."

शनवारकर
'माझ्यापुरतं' उत्तम. आता लिंग सांगा : ते लोर की ती लोर? वर तुम्हीच "हवीहवीशी" लिहिलंयत.

कर्वेनगरी
आमच्या सोसायटीत ती.

मुळाकाठी
आमच्याकडे मामा 'ते' म्हणतो, लेक 'ती'. यावरूनही आता सुरू झालंय.