हंगामानंतर वाचलेली पुस्तकं आणि खऱ्या नावाबद्दल एक प्रश्न

वारणाकाठ:

मी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. गळीत सुरू असलं की तीन पाळ्या, रसाचा ब्रिक्स, मळीची प्युरिटी. घरी आल्यावर डोळे पुस्तकावर ठरत नाहीत. यंदा मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, आणि पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं पिशवीभर पुस्तकं आणून दिली. "मामा, यंदा फॅन्टसी वाच," म्हणाली. वाचली. जे वाटलं ते लिहितो, आणि शेवटी एक प्रश्न आहे.

सगळ्यात आधी उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. 1968 चं पुस्तक. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा, आई नसलेला पोरगा. तेराव्या वर्षी त्याचं लहानपणीचं नाव काढून घेतात, तो नदीच्या उगमातलं गार पाणी तुडवत पलीकडे जातो, आणि तिथं उभा असलेला गुरू त्याच्या कानात त्याचं खरं नाव सांगतो. गेड. हे नाव चारचौघांत घ्यायचं नाही. ज्याला ते कळलं त्याच्या हातात तुम्ही सापडलात. रोजच्या वापराला वेगळं नाव.

मी तिथंच थांबलो. बारशाला आत्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते ते आपण किती वेळा बघितलंय. नावरसाचं नाव वेगळं असतं आणि ते घराबाहेर जात नाही, हेही आमच्या घरात पाळलेलं. पुढे गेड शाळेतल्या ईर्ष्येपायी मेलेल्या बाईचा आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक काळी सावली बाहेर पडते. ती फट बुजवताना शाळेचा मुख्य जादूगार जीव गमावतो. पोराच्या गर्वाची किंमत दुसऱ्यानं भरली, आणि लेखिका ते कुठंही विसरू देत नाही. दोनशेच्या आसपास पानं, एकही वाक्य जास्तीचं नाही.

त्याच अर्थसी मालिकेतलं दुसरं, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' (1971), मला पहिल्यापेक्षाही मोठं वाटलं. टेनार नावाची पाचेक वर्षांची मुलगी आईबापांकडून उचलून देवळात आणतात, तिचं नाव पुसतात आणि 'अर्हा' म्हणू लागतात. अर्हा म्हणजे जिला खाऊन टाकलंय ती. थडग्यांखालच्या भुयारात उजेड न्यायचा नाही असा नियम. ती हातानं भिंती चाचपत सगळे रस्ते पाठ करते. मग एक चोर आत शिरतो, त्याच्या काठीच्या टोकाला उजेड असतो, आणि वर्षानुवर्षं जिथं ती वावरली ती गुहा स्फटिकांची आहे हे तिला पहिल्यांदा दिसतं. तो चोरच तिला तिचं नाव परत देतो.

आमच्या आईचं नाव लग्नात बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून. रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, सगळीकडं तेच. माहेरचं नाव मला ऐकून माहीत होतं, पण मी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. पुस्तक संपलं त्या दिवशी संध्याकाळी ती सोप्यात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्या जुन्या नावानं हाक मारली. तिनं वर बघितलं नाही, हात तेवढे थांबले. "त्या नावानं हाक मारणारा दादा शेवटचा होता," म्हणाली. दादा म्हणजे आमचा मामा. तो जाऊन नऊ वर्षं झाली. ते नाव मी इथं लिहीत नाही.

तिसरं, 'द फार्देस्ट शोअर', मला जड गेलं. मेलेल्यांचा कोरडा मुलूख आणि त्याची ती बुटकी दगडी भिंत डोळ्यांपुढून हलत नाही, पण गेड इतकं समजावत सुटतो की गोष्ट तिथंच रेंगाळते.

बाकीचं थोडक्यात. सुझॅना क्लार्क यांचं 'पिरानेसी' (2020): पुतळ्यांनी भरलेली अंतहीन दालनं, खालच्या दालनांत समुद्र, आणि एक माणूस भरतीच्या वेळा वहीत टिपतो, सापडलेल्या हाडांची मायेनं देखभाल करतो. सुरुवातीला काही कळेना, पण त्याच्या वहीची शिस्त मला आमच्या लॅबच्या रजिस्टरसारखी वाटली आणि मी चिकटून राहिलो. तोही सांगतो की पिरानेसी हे आपलं नाव नसावं. 'द नेम ऑफ द विंड' (2007) अर्ध्यावर ठेवलं. नायकाला गाणं येतं, जादू येते, हजरजबाबीपणाही येतो. हरणं येत नाही. त्यात दुसरा भाग 2011 ला आला आणि तिसऱ्याचा अजून पत्ता नाही.

मधे चव बदलायला 'बनगरवाडी' पुन्हा काढलं. नकाशा नाही, वंशावळ नाही. एक पोरसवदा मास्तर चालत धनगरांच्या वाडीवर येतो आणि आख्खं जग उभं राहतं. मग जीएंचं, म्हणजे जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा'. 'प्रवासी' आणि 'इस्किलार', दोनच दीर्घकथा. कुठल्याच नकाशावर नसलेले प्रदेश आणि आपली मराठी. ही फॅन्टसी नाही तर काय आहे?

प्रश्न असा: नाव हीच ज्यात खरी वस्तू आहे अशी आणखी पुस्तकं कुठली? आणि तिसऱ्यानं निराश झालेल्या माणसानं अर्थसी पुढे वाचावं का?

पानगळ:

वाचा. कृपा करून तिसऱ्यावर थांबू नका. चौथं, 'टेहानू', 1990 मध्ये आलं, तिसऱ्यानंतर अठरा वर्षांनी, आणि ते टेनारचं आहे. ती आता गाँटवर एका शेतकऱ्याची विधवा आहे. गावात तिला काय म्हणतात माहीत आहे? गोहा. म्हणजे परत मिळालेलं नाव पुन्हा रोजच्या नावाखाली गेलं. तुमच्या आईंचं वाचताना मला तेच आठवलं.

मी सरकारी रुग्णालयात जळीत कक्षात बावीस वर्षं नर्स आहे. या पुस्तकात एक लहान मुलगी आहे, आगीत ढकललेली. चेहऱ्याची एक बाजू गेलेली, एक डोळा गेलेला, एका हाताची बोटं आकसून पंजासारखी झालेली. जळलेली मुलं गोष्टीत आली की लेखक त्यांना एक तर बरं करतात नाही तर मारून टाकतात. इथं तसं होत नाही. बाजारात लोक बघून मान फिरवतात, ती मुलगी हात लपवते, आणि टेनार तिला रोजची कामं शिकवत राहते. आमच्या वॉर्डात स्प्लिंट काढल्यावर मुलं हात फ्रॉकखाली घेतात, अगदी तसंच. लिहिणाऱ्या बाईनं हे जवळून बघितलं असलं पाहिजे असं मला प्रत्येक पानावर वाटत होतं.

गेडची शक्ती गेलेली आहे आणि तो खूप दिवस नुसता लाजत राहतो. काही वाचकांना ते आवडत नाही. मला तो पहिल्यांदा माणूस वाटला.

सप्तापूर:

बाकी सगळं पटलं, जीएंबद्दल नाही. मी धारवाडचा. जीए इथं इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे थोडा हट्ट समजा. 'इस्किलार'ला फॅन्टसीच्या कपाटात ठेवलं की वाचक जादू शोधत बसेल. तिथं जादू काही सोडवत नाही. माणूस चालत राहतो आणि जे टाळायला निघाला तिथंच पोचतो. ती रूपककथा आहे, नियतीची.

वारणाकाठ:

सप्तापूर, तुमचा हट्ट मला आवडला, पण गेडचंही तसंच आहे हो. सावलीपासून बेटामागून बेटं पळतो, आणि शेवटी उलटा फिरून तिच्यामागे लागतो तेव्हाच सुटतो. जादू त्यालाही वाचवत नाही. फरक मला शेवटात दिसतो: ले ग्विन माणसाला सोडवतात, जीए सोडवत नाहीत. कपाट एकच असावं असं मला अजून वाटतं, म्हणजे भाचीच्या वयाची मुलं 'रमलखुणा' हातात तरी घेतील.

दगडीजिना:

'द नेम ऑफ द विंड'वर अन्याय झाला. नायक स्वतःची गोष्ट स्वतः सांगतोय, लिहून घेणाऱ्या माणसाला, तीन दिवस. सांगताना तो किती फुगवतोय हा प्रश्न पुस्तकातच आहे. जो सांगतोय तो एका खानावळीत हरून बसलेला आहे, म्हणजे हरणंही आहे. तिसऱ्या भागाची वाट बघणं मात्र मलाही दुखतं.

आणि एक. मराठीत कपाट नव्हतं असं नाही. 'मुक्तामाला' ही कादंबरी 1861 ची, 'मंजुघोषा' 1868 ची, नाथमाधवांचं 'वीरधवल' 1913 चं. आजोबांच्या ट्रंकेत 'वीरधवल' होतं, पुठ्ठा गेलेलं. भाषा आज अवजड लागते, पण रात्री सोडवत नाही. अद्भुतरम्य हा शब्द आपल्याकडे आहे, तो वापरात आणू या.

वारणाकाठ:

दगडीजिना, अद्भुतरम्य हा शब्द घेतला. अर्धं ठेवलेलं पुस्तकही पुन्हा उघडतो.

पानगळ, भाचीकडून 'टेहानू' मागवलं, अर्ध्यावर आलोय. ती मुलगी पहिल्यांदा दारातून आत येते तिथं मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. तुमच्या वॉर्डातल्या मुलांचं लिहिलंत, त्याबद्दल आभार.

काल आईला टेनारची गोष्ट सांगितली. देऊळ, भुयार, काठीचा उजेड, नाव परत मिळालं तिथपर्यंत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती माहेरी गेली का?"

म्हटलं, अजून अर्धं राहिलंय. संपलं की सांगतो.