प्रति: साहेब सुट्टीवर असताना केलेलं ऑपरेशन

वर एकांनी लिहिलंय की सर्जन रॉबर्ट ग्रॉसने बॉस विल्यम लॅड सुट्टीवर गेल्याचा फायदा घेऊन ७ वर्षांच्या मुलीवर चक्क प्रयोग केला. बॉसला न विचारता केलं हे खरंच, पण प्रयोग म्हणणं जरा जास्त होतंय. २६ ऑगस्ट १९३८ला बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधे त्या मुलीची हृदयाजवळची, जन्मानंतर आपोआप मिटायला हवी होती पण उघडीच राहिलेली रक्तवाहिनी त्याने बांधली, त्याआधी कुत्र्यांवर नि मृतदेहांवर सराव करून हात बसवला होता. आणि टेबलावरही घाई नाही, वाहिनी आधी नुसती दाबून तीन मिनिटं बघितलं, पोरगी झेपवतेय म्हटल्यावर मग रेशमी धागा आवळला, छातीतला तो घरघर आवाज तिथंच बंद!

पण इथे कुणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे ग्रॉसला जन्मापासून एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, मोतीबिंदू. एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही म्हणून वडील त्याला घड्याळं खोलून परत जोडायला द्यायचे, आधी मोठी, मग लहान लहान होत गेलेली. बाकी माणूस हट्टी होताच, लहान मुलांच्या हृदयविकारांची डॉक्टर हेलन टॉसिग, फुफ्फुसाला रक्त कमी पोचल्याने निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी अशीच वाहिनी मुद्दाम तयार करता येईल का विचारायला आली तर याने उडवून लावलं, आपण त्या बंद करतो म्हणे. मग ती सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉककडे गेली आणि १९४४ला बाल्टिमोरमधे ते ऑपरेशन झालं.