मावशीचा एमआरसीपी रिपोर्ट

सुधामावशी: रिपोर्ट टाकलाय. पित्ताच्या खड्यांसाठी एमआरसीपी (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचा एमआरआय) केली आणि निघालं भलतंच. स्वादुपिंडात सिस्ट, १८ मिमी. खाली 'ब्रँच डक्ट आयपीएमएनची शक्यता' लिहिलंय. नेटवर बघितलं तर जिकडेतिकडे कॅन्सर. केतकी, मोकळी झालीस की बघ गं.

बंडूमामा: बघायचंय काय त्यात? गाठ आहे ना, काढून टाका. डोक्याला ताप नको.

केतकी: मामा, हे अपेंडिक्स नव्हे. स्वादुपिंडाचा तुकडा काढला की डायबिटीस मागे लागू शकतो, जोडातून रस गळला तर हॉस्पिटलातला मुक्काम लांबतो. गरज असेल तर करायचंच, पण आधी गरज ठरू दे.

मावशी, ब्रँच डक्ट आयपीएमएन म्हणजे स्वादुपिंडाच्या फांदीनलिकेत चिकट द्रव साठून झालेली सिस्ट. वय वाढलं की अशा सिस्ट पुष्कळांना असतात. दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन होतो आणि या सापडतात. बहुतेक तशाच राहतात. मी १८ च्या आधी खालची ओळ वाचली: 'मुख्य नलिका ३ मिमी, नोड्यूल नाही.' म्हणजे नलिका रुंद नाही, सिस्टच्या आत उंचवटा नाही. हे चांगलं आहे.

रोहन: साइजवर नसतं का ते?

केतकी: साइजही बघतात. ३ सेंटिमीटर किंवा त्यावर असली की जास्त लक्ष. पण खरी भीती तीन गोष्टींची: सिस्टच्या आतल्या भिंतीवर ५ मिमी किंवा मोठा, कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेणारा उंचवटा; मुख्य नलिका १० मिमी किंवा जास्त रुंद; आणि स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या सिस्टमुळे कावीळ. यातलं काही असलं आणि तब्येत झेपणारी असली, तर सर्जन ऑपरेशनचंच बोलतात. नलिका ५ ते ९ मिमी असली की एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे तोंडातून नळी घालून आतून सोनोग्राफी करून नीट बघतात.

बंडूमामा: म्हणजे सगळ्या सिस्ट सारख्या नाहीत?

केतकी: छे. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर साठतं ते पाणी कॅन्सरकडे जात नाही. पातळ द्रवाची सीरस सिस्टही जवळपास कधीच नाही. चिकट द्रवाच्या असतात त्यांना जपायचं. आयपीएमएन मुख्य नलिकेत असला तर धोका बराच जास्त, फांदीतला त्यामानाने गरीब. मावशीचा फांदीतला दिसतोय.

आता रिपोर्टात नसतं ते सांगा. सिगारेटचा प्रश्न नाही. वजन उतरलंय? शुगर?

अरविंदकाका: वजन तेच आहे. शुगर मात्र यंदा एकदम चढली. गोळी वाढवली तरी ऐकत नाही. जेवणखाण, चालणं सगळं तेच.

केतकी: काका, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वर्षभरात नव्याने आलेली किंवा अचानक बिघडलेली शुगर या सिस्टच्या बाबतीत धोक्याच्या खुणांमध्ये धरतात. कारण दुसरंही असू शकतं, पण गृहीत धरायचं नाही.

बंडूमामा: आणि नानांचं? त्यांना स्वादुपिंडाचाच कॅन्सर होता ना, सुधा?

सुधामावशी: हो रे. कावीळ झाली म्हणून नेलं होतं.

केतकी: मामा, हे मला माहीतच नव्हतं! सख्ख्या नात्यात असला की धोका वाढतो. मावशीचाच नाही, तुझा आणि आईचाही. जनुकांची तपासणी करायची का, हे तिघांनीही डॉक्टरांना विचारा.

मावशी, सीए १९-९ हा रक्तातला कॅन्सरचा मार्कर करायला सांगतील. पण खड्याने पित्ताची वाट अडली तरी तो वाढतो, तेव्हा नुसता आकडा बघून घाबरू नकोस. आणि पोटाचा जुना सीटी असला तर काढ. वर्षाला अडीच मिमी किंवा जास्त वाढ म्हणजे काळजी, ती जुन्या मापाशिवाय कळणार कशी?

अरविंदकाका: सापडला. २०१९ चा, मुतखड्याच्या वेळचा. शेवटच्या ओळीत '१४ मिमी सिस्ट' लिहिलंय! तेव्हा आम्हाला कुणी काही बोललं नाही.

केतकी: खड्याच्या गडबडीत राहून गेलं असणार. सीटी आणि एमआरआयची मापं तंतोतंत जुळत नाहीत, तरी हा वेग अडीचच्या पुष्कळच खाली आहे. पण शुगर का चढली, ते यावरून कळत नाही. एंडोस्कोपिक सोनोग्राफी करणाऱ्या गॅस्ट्रोची अपॉइंटमेंट घ्या, दोन्ही स्कॅनच्या सीडी आणि शुगरचे वर्षभराचे रिपोर्ट बरोबर न्या.

सुधामावशी: घेतली. गुरुवारी. बंडू, तूही चल, नानांचे कागद तुझ्याकडेच आहेत.