डिकीतील ओझे आणि स्टेपनी काढल्याने मायलेज किती वाढेल?

प्रश्न:
माझी पेट्रोल कार सुमारे ९५० किलो वजनाची आहे. परवा डिकी आवरली तेव्हा अवजारांची पेटी, पाण्याचे दोन भरलेले कॅन, ताडपत्री असे जवळपास ४० किलो सामान बाहेर निघाले. आता स्टेपनी आणि मागचे आसनही काढून ठेवावे असे मनात आहे. माझे रोजचे जाणे-येणे गर्दीतून होते, लांबचा प्रवास क्वचित. टपावर कॅरियर कायम बसवलेले आहे. वजन घटवल्याने खरोखर किती फरक पडतो आणि कोठे थांबावे?

प्रतिसाद १:
फरक पडतो, पण थोडा. अमेरिकी सरकारच्या माहितीनुसार ४५ किलो जादा वजनामुळे मायलेज सुमारे १ टक्क्याने घटते आणि गाडी लहान असेल तर हा परिणाम अधिक जाणवतो. गर्दीत खरे नुकसान ब्रेकमुळे होते. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाला आणताना त्या ४० किलोंना दिलेली ऊर्जा पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबताच उष्णता होऊन वाया जाते आणि हिरवा दिवा लागला की ती नव्याने द्यावी लागते. मी ढोबळ हिशेब केला, तर दर वेळी साधारण अर्धा मिलिलिटर पेट्रोल त्या सामानापायी जळते. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना मात्र वजन फक्त टायरच्या घर्षणातून आणि चढावर जाणवते. तेथे बहुतेक इंधन हवेचा अवरोध कापण्यात जाते, आणि त्याचा वजनाशी संबंध नसतो.

प्रतिसाद २:
म्हणूनच कॅरियर आधी उतरवा. टपावर मोठी पेटी बांधून महामार्गावर गेल्यास मायलेज ६ ते १७ टक्क्यांनी घटू शकते, असे त्याच माहितीत म्हटले आहे. रिकामे कॅरियर इतके खात नाही, पण ते रोज खाते. स्टेपनीला मात्र कृपया हात लावू नका. दहा-पंधरा किलोंसाठी रात्री रस्त्यात अडकून पडण्याचा धोका पत्करणे मला अजिबात पटत नाही. मागचे आसनही राहू द्या, कारण जोराचा ब्रेक लागला तर डिकीतले सामान तेच अडवते. त्यापेक्षा पाचही टायरमधील हवा तपासा.

प्रतिसाद ३:
वजन १० टक्क्यांनी घटवल्यास इंधनाची ६ ते ८ टक्के बचत होते, हा आकडा तुमच्या वाचनात येईल. तो मुख्यतः रचनेतच हलक्या केलेल्या गाड्यांचा आहे, कारण तेथे इंजिनही लहान बसवता येते. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० ट्रकची बॉडी ॲल्युमिनियमची करून एकूण वजन ३०० किलोंहून अधिक घटवले होते. सामान उतरवून तेवढा लाभ मिळणार नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. कॅरियरचे दोन बोल्ट गंजल्यामुळे तेल सोडून तासभर थांबावे लागले, पण ते निघाले. सामान घरात ठेवले आहे. पाचव्या टायरची हवा तपासली, तर स्टेपनी जवळजवळ सपाट निघाली. उद्या सकाळी सर्वांत आधी ती भरून घेतो.